करडईच्या तेलाची वाटी

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून खराडीच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागले. जागा झकास. गार हवा, नळाला दिवसभर पाणी, चहा फुकट. इथे शिकणाऱ्या पूर्वाने ही वही दिली, म्हणाली, मावशी, रोज काय धुतलं ते लिहा. म्हटलं, चौथी नापास आहे, जमेल तसं खरडीन.
ही जागा माझ्या धाकट्या बहिणीची, चंपाची. इथले मोठे साहेब बद्रीनाथ सर, त्यांनी काही न सांगता तिला विषारी बाटली धुवायला दिली. आधी दिव्यांभोवती रंगीत कडी दिसली, मग डोळे गेले, मग छाती भरली. आठव्या दिवशी ती गेली. मला त्या माणसाला रडताना बघायचंय.

५ फेब्रुवारी
पूर्वाने चंपाच्या बाटलीतलं ते औषध दाखवलं. बंद नळीत पिवळट खडे. म्हणे फार निवडक आहे, जिथे दुहेरी जोड असेल तिथेच धरतं, बाकीच्याला हात लावत नाही. म्हटलं, माझ्या सासूसारखं. सहा सुना, धरायची मला एकटीला. करडईच्या तेलात असे जोड असतात, म्हणून कपाटात वाटी ठेवतात. वाफ सुटली की तेल काळं पडतं.
चंपाला ही वाटी कुणी दाखवली नव्हती.

१० फेब्रुवारी
नळी कुलपात. तरी तेल डांबरासारखं. काल सगळ्यांनी वडे खाल्ले, दाराच्या काचेवर सगळ्यांचीच तेलकट बोटं. काळी पडली ती फक्त सरांची. मी मुद्दाम पुसली नाहीत.

१२ फेब्रुवारी
सरांच्या डब्यातल्या वांग्याची तर्री काळी. माझ्याकडे बघून म्हणाले, कोणीतरी खोड काढतंय. म्हटलं, साहेब, मला त्या औषधाचं नावसुद्धा म्हणता येत नाही.
चंपे, सोडू नकोस त्याला.

१४ फेब्रुवारी
सर डोळे धरून ओरडले. रडले. गाडीत घालून नेलं. बुबुळं काळी पडली म्हणे.
घरी जाऊन शिरा केला.

१७ फेब्रुवारी
सर आंधळे झाले. फिटलं, असं वाटलं. वाटीत नवं तेल ओतलं. दुपारी पुन्हा काळं.
पूर्वाला काही नाही. शिपाई शंभूला काही नाही. मग कोणासाठी?

१८ फेब्रुवारी
लिहूनच टाकते. चंपा दवाखान्यात असताना सरांनी कागद आणला. बाटली तिने हट्टाने उघडली, असा. मी सही केली. त्या बदल्यात ही जागा. चंपा शेजारीच खाटेवर होती — जागी होती.

१९ फेब्रुवारी
ट्यूबलाइटभोवती कडं. हिरवं, मग तांबडं.

२० फेब्रुवारी
कामावर गेले नाही. येरवड्याला घरीच. फोडणीचं तेल कढईत ओतता ओतता काळं —
खरं लिहून देते. मी सरुबाई — बाटली सरांनी दिली — मला ठाऊक होतं — चंपाचा काही दोष —
ओळी दिसेनात. सही कुठे —
हात धरलाय कोणीतरी. गार. कागदाकडे नेत नाही — वर — डोळ्या