जर्दाळू रंगाची लोकर

आदरणीय आइली मावशीस,

रेनोचा वाकून नमस्कार. (खरंच वाकून, गॅरेजात पुन्हा कंबर धरली आहे.) तुझा गुडघा कसा आहे? मोतीबिंदूचं काय म्हणतात डॉक्टर? डोळे जप, आणि विणकाम मात्र सोडू नकोस. का, ते पुढे येईल.

पत्राला कारण वाइनो. सव्वीस वर्षं आम्ही दोघं नदीच्या वळणावर एकच डोह धरून स्टीलहेड मासे पकडतो, आणि ती मैत्री मी या महिन्यात जवळजवळ मोडीत काढली होती. तुला ठाऊकच आहे, आपल्या नदीवर माणूस बायकोचं वय सांगेल, पण लोकरीचा रंग सांगणार नाही. काम तसं पोरखेळाचं. लोकरीचा एक तुकडा गळाच्या गाठीत अडकवायचा, कात्रीने वाटाण्याएवढा गोल कापायचा, झालं माशाचं अंडं. भिजलं की स्टीलहेडला खरी गाभोळीच वाटते, आणि चावला की लोकर दातांत गुंतते. सगळी करामत रंगात. म्हणून मासा काठाला आला की आधी लोकर खिशात घालायची, मग मासा लोकांना दाखवायचा.

माझा रंग जर्दाळूचा. कुठून मिळाला ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तर मार्चात बर्फ फुटल्यावर पाहतो तो काय, वाइनोने ओळीने तीन मासे काढले, आणि तिसऱ्याच्या दातांत राहिलेला धागा माझ्या रंगाचा! विचारलं, तर म्हणतो, "पांढरीच आहे रे, ऊन पडलंय तिच्यावर." ऊन! आमच्याकडे! मार्चात!

मी गॅरेजची कुलपं बदलली. बायकोवर नजर ठेवली (तिने त्याच आठवड्यात वाइनोकडे वेलचीचा पाव पाठवला होता). पास्टर लाहतींचीही शंका आली, कारण हल्ली त्यांचं प्रवचन वीस मिनिटांत आटोपतं, जणू नदीवर जायची घाई. पण माझे कान तुला माहीत आहेत, इंजिन ऐकून मी बिघाड सांगतो. वाइनो मला पाहिलं की शीळ घालायला लागला होता, आणि या माणसाने सव्वीस वर्षांत कधी शीळ घातली नव्हती. त्यात कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, अगदी चुलीशेजारी बसला तरी. ठरवलं, शनिवारी आमच्याकडे सौनात वाफ घ्यायला आला की तोंडावर सांगायचं, तुझा डोह वेगळा, माझा वेगळा.

शनिवारी कपडे काढायच्या खोलीत दोघं कोट घालून बसलो. तो म्हणाला, "तू हो पुढे." मी म्हटलं, "छे, पाहुणा आधी." "अरे, दगडांवर पाणी घरच्याने टाकायचं असतं!" असं अर्धा तास. शेवटी बायकोने बाहेरून दार बडवलं, "दोन म्हातारे लाजताय कुणाला? लाकडं फुकट जळतायत!" मग दोघांनी एकदमच कोट काढले.

मावशी, त्याच्या अंगात जर्दाळू रंगाचा स्वेटर होता. बाह्या नव्हत्या. माझ्या अंगातही तसाच, खालून उसवत उसवत छातीपर्यंत आलेला.

"आइलीबाई?" तो म्हणाला.

"आइली मावशी," मी म्हणालो.

"गाव सोडताना मला म्हणाल्या, ही लोकर फक्त तुझ्यासाठी आणली."

मलाही तू हेच म्हणाली होतीस. डोळ्यांत पाणी आणून.

असो. मैत्री वाचली, डोह एकच राहिला. आता आम्ही दोघं फक्त तुझ्याबद्दल बोलतो.

तुझा एकुलता एक लाडका (असं आजवर समजत होतो) भाचा,
रेनो

ता.क. त्याच लोकरीचा आणखी एक स्वेटर विणशील का? माप मोठं घे. बाह्या गुडघ्यापर्यंत आल्या तरी चालतील. गळा नसला तरी चालेल.

ता.क. २. वाइनोचंही असंच पत्र येईल. त्याला कळव की मोतीबिंदूमुळे विणकाम कायमचं बंद.

ता.क. ३. पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरं झालं. आज चर्चमध्ये पास्टर लाहतींनी वेदीपुढे गुडघे टेकले, तेव्हा झगा वर सरकला. पायांत जर्दाळू रंगाचे मोजे. घोट्याशीच संपलेले. मावशी, स्वेटर राहू दे. आधी यादी पाठव.