गुरुवारची लाइट

निघोजे, ११ एप्रिल २०२५

चि. तनुजास आजीचे आशीर्वाद.

फोन केला न्हाई, कारण तुझ्या आबांच्या छातीत दम न्हाई पण कान लई तिखट हायत. दुधाच्या गाडीबरोबर चिठ्ठी धाडते.

काल गुरुवार. कंपन्यांना सुट्टी, म्हणून दुरुस्तीला सकाळी नवापासून लाइट बंद. आबांचं ऑक्सिजनचं मशीन जुन्या इन्व्हर्टरवर दोन तास चाललं, मग गप. सिलिंडर येईस्तोवर ओठ जांभळे पडले. मी पाठ चोळत आन शिव्या देत बसले, दुसरं काय हातात?

तुझा बाप ज्योतीराम म्हणतो, छतावर सोलर बसवू, मग लाइट गेली तरी फिकीर न्हाई. सोमवारी आगाऊ पैसे देणार हाय. पण मी काल समोरच्या उद्धवरावाकडं डोकावले. त्याच्या छतावर सोलर, वर टळटळीत ऊन, आन खाली गडी उघडाबंब पुठ्ठ्यानं वारा घेत व्हता. असं कसं? तू इंजिनिअर हायस, सांग. खर्च किती, फिटतो कधी, ते बी लिही. जीव थाऱ्यावर न्हाई.

माया पातळ करू नकोस.
तुझी आजी, छबूबाई

वाकड, १३ एप्रिल २०२५

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

लाइट गेली की साधं सोलर आपोआप बंद पडतं. नाहीतर छतावरची वीज उलटी तारेत जाऊन खांबावरच्या वायरमनला झटका बसेल. उद्धवकाकांचं तेच झालं. चालू ठेवायचं तर बॅटरी आणि वेगळा इन्व्हर्टर लागतो. बाबांना लगेच फोन करून आगाऊ पैसे थांबवले. ते चिडलेत, तू सांभाळून घे.

नुसतं सोलर दोन लाखांचं, त्यातले अठ्ठ्याहत्तर हजार सरकार देतं. महिन्याला अडीच हजार बिल वाचलं तर चार वर्षांत फिटेल. बॅटरीचे वर दीड लाख. त्यावर सरकार काही देत नाही, बिलही फारसं उतरत नाही. मग नऊ वर्षं. हिशेबाने बॅटरी तोट्याची, खोटं कशाला सांगू? पण त्या हिशेबात आबा कुठे मांडायचे, मला कळत नाही. माझे साठ हजार घे. नाही म्हणालीस तर येऊन तुझी मिश्रीची डबी लपवीन.

आबांना नमस्कार, तुझा लोभ आहेच.
तुझी तनुजा

निघोजे, २३ मे २०२५

चि. तनुजास आशीर्वाद.

ज्योतीरामानं आबांपुढं नऊ वर्षांचं बोलून दाखवलं. झालं. आबांनी नाकातली नळी काढून ठेवली आन म्हणाले, माझी दोन वर्षं न्हाईत, नऊ वर्षांची वस्तू कुणासाठी घेता, पोरीच्या लग्नाला ठेवा. दोन दिस तेच. ज्योतीराम बी ढिला पडला, म्हणायला लागला, बॅटरी नको तर नको.

मी कुणाला इचारलं न्हाई. चाकणला जाऊन एक पाटली मोडली आन सोलरसंगं बॅटरी बी बसवून घेतली. तुझे साठ हजार तुझ्यापाशीच ठेव. दुसरी पाटली लग्नात मिळंल, एकच म्हणून तोंड वाकडं करायचं न्हाई.

काल गुरुवारी पुन्हा लाइट गेली. नवाचे चार वाजले, मशीन घुरघुरत व्हतं. मी आठ येळा उठून बघितलं. आबा म्हणाले, बस की आता. मग इचारलं, ही बॅटरी किती टिकती. म्हणलं, दहा वर्षांची गॅरंटी हाय, ती संपेस्तोवर तुमी हलायचं न्हाई. तर म्हणतात, मधीच बिघडली तर? म्हणलं, कंपनी दुसरी देती, मग पुन्हा एकापासून मोजायचं.

त्यांनी आमटीची वाटी तोंडाला लावली. मग म्हणाले, मीठ कमी हाय.

येत जा, मन ताजं ठेव.
तुझी आजी, छबूबाई