शिरगणतीतला गडी

सोलापूर, जून १९७४

आई,

बाप लढाईत मेला, एवढंच मला माहीत होतं. सैनिकाचा नातू म्हणून पोराची फी माफ होईल या आशेनं मी सैनिकांच्या कचेरीत गेले. कारकून कागद बघून म्हणाला, "बाई, हे मेले न्हाईत की. डाव्या हाताची दोन बोटं गेली म्हणून शेहेचाळीसला घरी धाडलंय."

तोवर त्यांना मेलेलं समजून तुझा धाकट्या दिराशी, आप्पांशी, पाट लागला होता. मग परतलेला माणूस गेला कुठं? मी तहसिलात एकावन्नच्या शिरगणतीचं रजिस्टर काढायला लावलं. सांगोल्याच्या आपल्या मळ्यावर चारच नावं होती. आप्पा, तू, मी, आणि शेवटी 'कुंडलिक, गडी'.

माझ्या बापाचं नाव, आई! गोठ्यात झोपणारे, डाव्या हाताला तीनच बोटं असलेले आपले गडीमामा!

रोजानं येणाऱ्या बाकीच्या गड्यांना तू नावानं हाका मारायचीस. त्यांचं नाव कधी घेतलं नाहीस. नवऱ्याचं कोण घेतं?

हे पत्र टाकायचं कसं? तुला वाचता येत नाही, आणि वाचून दाखवायला घरात आप्पाच आहेत. गडीमामा तर केव्हाच गेले.

माझ्या पाठवणीला तेच गाडी जुंपून, कासरा धरून उभे होते. तू मला पुढं ढकललंस आणि म्हणालीस, "बैलांच्या पाया पड. चांगली वाकून पड."

मी पडले गं. बैलांच्याच पडले.

तुझी,
विजयमाला कुंडलिक