टोपलीवरचे आडनाव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा वेताच्या खुर्च्या विणणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही. डॉक्टरांनी शंभरापासून उलटे आकडे म्हणायला लावून माझे डोके तपासले आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागाच्या भरात केले होते.

१. माझे स्वकष्टार्जित राहते घर मी धाकट्या बहिणीस देते. कारण नोंदवते. एकतीस वर्षांपूर्वी तिने अनाथालयात वाढलेल्या एका घड्याळजीशी लग्न केले. ज्याच्या कुळाचा पत्ता नाही त्याला या घराचे दार नाही, असे सांगून आमच्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, दोघांना वडिलांच्या घरातून बाहेर काढले. आमचे पणजोबा एका बड्या जहाजमालकाचे चिरंजीव, हा दादाचा तोरा. मी तिथेच खुर्ची विणत बसले होते. मान वर केली नाही. ती बोच अजून आहे.

२. गेल्या वर्षी सरकारी दफ्तरखान्याच्या बारा खुर्च्या विणायला गेले. तिथल्या कारकुनाने सहज विचारले, जुन्या नोंदींत कोणाला शोधायचे आहे का. मी पणजोबांचे नाव सांगितले. आधी त्यांची विवाहनोंद सापडली, सन १८७६ची : वर पिंपे बांधणारा कारागीर, वडिलांच्या नावाची जागा कोरी, शेजारी 'अनाथालय, दाखला ४१७'. दोन आठवडे धूळ खाल्ल्यावर अनाथालयाची वहीही मिळाली. कारकुनाने वाचून दाखवले : "सन १८५२. मुलगा, वय अंदाजे दोन महिने. धक्क्यावर टोपलीत सापडला. आईबाप ठाऊक नाहीत. आवाज मोठा." टोपलीवर ज्या जहाजमालकाचा शिक्का होता, त्याचेच आडनाव पोराला लावून टाकले होते. मी इतकी हसले की कारकुनाने पाणी आणून दिले. मग थोडी रडलेही. दोन महिन्यांचे लेकरू ते.

३. नोंदींच्या नकला दादापुढे ठेवल्या. चष्मा पुसून पुसून त्याने त्या वाचल्या आणि घडी घालून घरी घेऊन गेला. चौथ्या दिवशी कोट घालून आला आणि बहिणीचा पत्ता मागितला. आम्ही दोघे गेलो. घड्याळांच्या दुकानाचे दार तिनेच उघडले. दादा म्हणाला, "आपणही टोपलीतलेच निघालो गं." तिने हात पदराला पुसले. मग म्हणाली, "फार उशीर केलास, दादा. आत ये." मीही माझ्या गप्प बसण्याची माफी मागितली. तिने ती दिली. लगेच नाही, जेवणानंतर.

४. दादाला हयातभर माझ्या घराची मागची खोली वापरता येईल. बहिणीला घर कसे आवरावे हे त्याने शिकवू नये. शिकवल्यास हे कलम रद्द.

५. माझ्या सुऱ्या, टोचे आणि खुंट्या मेहुण्यांना. बारीक कामाला त्यांच्यासारखा हात नाही. डॉक्टरांना झुलती खुर्ची. तिच्यावर उभे राहून त्यांनी दिवा बदलू नये. बँकेतील शिल्लक दफ्तरखान्याचे गळके छत दुरुस्त करण्यास द्यावी.

दोन्ही साक्षीदार समोर बसले असताना सही करीत आहे. आत दादा मेहुण्यांशी पत्ते खेळतो आहे. तिसरा डाव हरला, तरी पुन्हा पिसायला घेतले आहेत.

सही : खुर्च्या विणणारी
साक्षीदार : १. दफ्तरखान्याचा कारकून २. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई
स्थळ : राहते घर, पुढची खोली
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२४