पत्रलेखनाचा अकरावा पाठ

मी, यमुनाबाई मधुसूदन ओगले, वय वर्षे चोपन्न, मुलींना मराठी शिकवणारी, राहणार लक्ष्मी तालाच्या वाटेवर, झाशी, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या भरीला न पडता, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. यापूर्वी असे काही लिहिलेले नाही. येत्या सोमवारी माझ्या पोटातली गाठ कापून काढायची आहे. घाबरण्यासारखे काही नाही, असे डॉक्टरांनी मला तीनदा सांगितले. तिसऱ्यांदा सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

१. माझे दोन खोल्यांचे घर पुतण्या वामन याला मिळावे. अट एकच. बुधवारी आणि शनिवारी दुपारी पुढची खोली मुलींच्या वर्गासाठी मोकळी राहील. त्या वेळी तिथे पाहुणे बसवू नयेत, गहू वाळत घालू नयेत. वामन, तू हो म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून हे लिहून ठेवले आहे.

२. आमचे यजमान रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. त्यांच्या कानशी, पाने आणि छोटा हातोडा शेजारच्या रामदीन भैयांना द्यावा. ते वर्षानुवर्षे उसने नेतात आणि पुसून परत आणतात. आता परत आणायला नको.

३. पोस्टातल्या शिल्लकेतून दवाखान्याचा आणि पुढे जो लागेल तो खर्च करावा. उरेल त्यातून वर्गासाठी कागद, पाकिटे आणि तिकिटे आणावीत. पोस्टकार्डे आणू नयेत. कार्ड वाटेत कोणीही वाचतो, आणि मुलगी ते ओळखून लिहिते.

४. आता वही. माझा जीव अडकला आहे तो यात.

निळ्या पुठ्ठ्याच्या या वहीत पत्रलेखनाचे दहा पाठ आहेत. पूर्वी हा वर्ग महाराष्ट्र मंडळाच्या खोलीत भरत असे. इथल्या मुली घरी निम्मे हिंदी बोलतात, म्हणून मराठी पत्र तरी नीट लिहावे एवढीच मंडळाची अपेक्षा होती. तेव्हा मी पाठ असे लावले होते : वडिलांचा मायना, वडीलधाऱ्या बायकांचा मायना, समास आणि अक्षर, क्षेमकुशल, ऋतूचे वर्णन, सणाचे वर्णन, शेवटचा नमस्कार. मग बातमी, मग निरोप, आणि सर्वांत शेवटी, दहावा, आपल्याला काही हवे असेल तर ते कसे मागावे. सोप्याकडून कठिणाकडे जावे, असे मला वाटे.

१९३१ साली कांचन सातव्या पाठानंतर लग्न होऊन एरचला गेली. ती रेल्वेतले गार्ड विश्वंभरराव पाटणकर यांची मुलगी, तेव्हा पंधरा वर्षांची. सासरचे लोक जुने मराठी घराणे, पण घरात मराठी वाचणारे कोणी उरले नव्हते. दीर पत्र नेऊन पोस्टात टाकी. दर महिन्याला पत्र येई. विश्वंभरराव ते वर्गात आणून मोठ्याने वाचत. मायना बिनचूक, समास सरळ, 'इकडील सर्व क्षेम'. मी तांबड्या शाईने शेरा मारून त्यातले एक पत्र भिंतीवर लावले होते.

वर्षभराने ते रजा काढून तिला भेटायला गेले. चिरगाँवपर्यंत बैलगाडी आणि तिथून मोटार, असे करून तिला घेऊन आले. मूल जन्मून चौथ्या दिवशी गेले होते. डावा कान चार महिने वाहत होता, वैद्याला दाखवलेलाच नव्हता. त्या कानाने तिला आता ऐकू येत नाही.

मी तिच्या उजव्या बाजूला बसून विचारले, "कांचन, पत्रात का गं नाही लिहिलंस?"

ती म्हणाली, "ते कुठे लिहायचं, बाई? तिथपर्यंत आपण पोचलोच नव्हतो."

ती रागावली असती तर मला बरे वाटले असते.

त्यानंतर मी जुनी वही चुलीत घातली आणि नवी केली. पहिल्या पानावर एकच वाक्य लिहिले : 'दहाव्या पाठानंतर मुलीला आपल्याला काय हवे ते, ज्याच्याकडून हवे त्याला, त्याला कळेल असे लिहिता आले पाहिजे.' मग ते आले की नाही हे कशावरून ओळखायचे, ते ठरवले. मुलीचे पत्र तिला न ओळखणाऱ्या बाईच्या हातात द्यायचे आणि विचारायचे, "या मुलीला काय हवंय?" ती सांगू शकली तर मुलगी पास. एवढे ठरल्यावरच पाठांकडे वळले, आणि प्रत्येक पाठाला विचारले, तू मुलीला तिथवर नेतोस का? ऋतूचे वर्णन गेले. सण गेला. मागणी पहिल्या दिवशी आली, एकाच ओळीची : 'माझा कान दुखतो. मला न्यायला या.' पुढच्या प्रत्येक पाठात तोच कागद परत घ्यायचा आणि वाढवायचा. केव्हापासून दुखते, कोणाला सांगितले, ते काय म्हणाले. शब्द अडला तर हिंदी लिहावा, वाक्य अडू देऊ नये. मायना नवव्या पाठात. मुलगी कोणत्याही पाठानंतर उठून गेली तरी तिच्याजवळ कामाचे काहीतरी असले पाहिजे, हे मी प्रत्येक पानाच्या तळाशी तपासले आहे.

५. मंडळाचे चिटणीस केशवराव बिवलकर यांना मी काही देत नाही. ते म्हणाले होते, "बाईजी, मायना चांगला असला म्हणजे घराण्याची इज्जत राहते. रडगाणी लिहायला वर्ग कशाला हवा?" म्हणून वर्ग माझ्या घरी आला. मी नसले की ते तो परत नेतील आणि मायन्यापासून सुरुवात करतील, याची मला धास्ती आहे. वहीवर मंडळाचा कसलाही हक्क नाही. हे वाक्य मी दुसऱ्यांदा लिहिते : मंडळाचा कसलाही हक्क नाही.

६. वही आणि वर्ग कांचनला द्यावा. ती आता बावीस वर्षांची आहे, वडिलांकडेच राहते, सहा वर्षे माझ्याबरोबर मुलींचे कागद तपासते. वर्ग एक दिवसही थांबू नये. सध्या चार पाठ झाले आहेत. वर्गातल्या कमळाचे लग्न १० डिसेंबरला आहे, तीही लांब जाणार. उरलेले पाठ सहा आणि त्याआधीचे वर्गाचे दिवसही सहाच. एक शनिवार चुकला की ती अर्धवट जाईल. मी रोज बोटांवर मोजते, आणि दर वेळी सहाच भरतात.

७. कांचनने वर्ग घेण्याचे अजून कबूल केले नव्हते. काल ती वही परत घेऊन आली. चार दिवस तिने वाचली होती. तेव्हा जे झाले ते मृत्युपत्रात असावे, अशी माझी इच्छा आहे.

ती म्हणाली, "बाई, यात एक पाठ कमी आहे."

मी घाबरले. कोणता, असे विचारले.

"मी लिहिलं होतं, बाई. भिंतीवर जे पत्र लावलंत, त्यातच होतं. 'येथील विहीर फार लांब आहे. दोन्ही वेळेस मीच जाते. परवा वाटेत बसावे लागले. पण पाणी गोड आहे.' तेव्हा मला सातवा महिना होता."

मला ओळ आठवली. ऋतुवर्णनाच्या धर्तीवर लिहिली होती, कारण तेवढेच मी शिकवले होते. तिच्याखाली मी तांबडी रेघ ओढून 'वर्णन उत्तम' असे लिहिले होते. विश्वंभररावांनी ती वर्गात दोनदा वाचून दाखवली होती.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही नवीन वही करत होतात. चांगली होत होती. पण बाई, लिहिणाऱ्या मुलींना तुम्ही दहा पाठ दिलेत. वाचणाऱ्यांना एकही नाही. कमळाचं पत्र तिचे बाबूजी वाचणार. त्यांना कोण शिकवणार?"

मी वही घेऊन शेवटचे पान उघडले. तिने मला पाणी आणून दिले.

म्हणून हे कलम असे : वहीत शेवटी एक पान कोरे आहे. अकरावा पाठ कांचनने लिहावा. तो आई-वडिलांसाठी असेल, आणि कमळाच्या लग्नाआधी तिच्या वडिलांना बोलावून घेतला जाईल. दहा पाठांचा क्रम कोणी बदलू नये, असे मी आधी लिहिले होते. ते खोडले आहे. जिथे मला दिसले नाही तिथे कांचनला दिसले. तिला योग्य वाटेल तसा तिने बदलावा. तिने वर्ग घेण्याचे कबूल केले आहे. उद्याचा पाचवा पाठ तीच घेईल. मी आतल्या खोलीत बसेन आणि मध्ये बोलणार नाही.

८. माझ्यामागे रडारड नको. शनिवार असेल तर आधी वर्ग.

सहीसाठी अनंतराव वकील आणि विश्वंभरराव असे दोघे साक्षीदार हजर होते. वकील म्हणाले, "साक्षीदाराला मजकूर वाचण्याची गरज नसते. बाईंची सही होताना पाहिली की पुरे."

विश्वंभरराव म्हणाले, "मी वाचणार."

त्यांनी चष्मा लावला. चौथ्या कलमापाशी थांबले नाहीत. सातव्यापाशी बराच वेळ थांबले, मग ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचले. मी म्हटले, "विश्वंभरराव, तुमच्याबद्दलची ओळ नको असेल तर काढते."

ते म्हणाले, "राहू द्या, बाई. कमळाच्या वडिलांशी मी बोलतो. मी सांगितलं तर त्यांना कळेल."

ही नोंद सहीपूर्वी माझ्याच हाताने केली आहे. वरील सर्व मजकूर मला वाचून मान्य आहे.

(सही) यमुनाबाई मधुसूदन ओगले

आमच्यासमक्ष सही केली :
(सही) अनंतराव जगन्नाथ खेर, वकील
(सही) विश्वंभर नारायण पाटणकर, निवृत्त गार्ड, सर्व वाचून

मुक्काम झाशी, शुक्रवार, तारीख १८ नोव्हेंबर १९३८