चार बायकांत मिळून एक मागणी

मेलकोट, डॉर्सेट
५ डिसेंबर १७९३

तीर्थस्वरूप लव्हिनिया आत्याबाई यांस टोबायसचा लवून नमस्कार. आपला गुडघा आता कसा आहे? बाथच्या औषधी झऱ्यांच्या पाण्याने उतार पडला असेलच (न पडायची त्याची काय बिशाद, आपण स्वतः पाण्यात उतरल्यावर). इकडे सर्व क्षेम आहे, एक मी सोडून.

आपल्या आज्ञेनुसार मिस हेन्रिएटा क्वेनेल यांना मागणी घालायचं ठरवून मी परवा मंगळवारी गावच्या नाचाला गेलो. दुसरीकडे कुठे घालणार? त्यांच्या मातोश्री मुलीला नजरेआड होऊ देत नाहीत. चहाला गेलं तर आमच्या दोघांच्या मधे त्या स्वतः आणि त्यांचा कुत्रा बसतो. तेव्हा नाच हीच एक जागा उरते. आपण नाच सोडून तीस वर्षं झाली म्हणून आठवण करून देतो: पुरुषांची एक रांग, समोर बायकांची, प्रत्येक जोडी शेजारच्या जोडीबरोबर एक फेरा घेते आणि एक घर पुढे सरकते, रांगेच्या टोकाला पोचलेल्या जोडीला शेजारच उरत नाही, म्हणून तिला एक पूर्ण फेरा नुसतं उभं राहावं लागतं. (आपलं लग्नही असंच टोकाला उभं राहून ठरलं, असं आतोबा सांगायचे. आपण म्हणता, ते खोटं बोलायचे.) म्हणून मी वकिलाला शोभेल असं कलमवार भाषण लिहिलं आणि ते बरोबर एका फेऱ्यात बसवलं. मोजायला मदत केली हातमोजेवाल्या डॉर्कस पिम यांनी (विधवा, वय चौतीस, आपण त्यांना ओळखत नाही). दुकान बंद झाल्यावर त्या चाल गुणगुणायच्या आणि मी त्यांनाच हेन्रिएटा समजून बोलायचो. असं तीन आठवडे. तिसऱ्या कलमापाशी त्या दरवेळी म्हणायच्या, "अहो वकीलसाहेब, इथे जरा हसा की! पोरगी मागताय, जप्ती नाही आणलीत!"

घात केला तो वाजवणाऱ्यांनी. दोघे व्हायोलिनवाले सायडर ढोसून आले होते आणि डॉर्कसबाईंच्या दुप्पट वेगाने वाजवू लागले. खालच्या टोकाला आम्ही उभे राहिलो, मी घसा साफ केला, "मिस हेन्रिएटा, गेले अकरा महिने" एवढं म्हणालो आणि फेरा संपला. आता वर सरकायचं. शहाणा माणूस इथे थांबला असता. पण पाठ केलेलं एकदा सुटलं की आवरत नाही; पाय त्यांच्या वाटेने निघाले, तोंड आपल्या. त्यात हा नाच असा की हात एकदा आपल्या जोडीदारणीला द्यायचा आणि लगेच शेजारणीला, त्यामुळे जे कलम जिच्या वाट्याला आलं ते तिचं. "रात्र रात्र डोळा लागत नाही" हे डॉक्टरीणबाईंना मिळालं. (डॉक्टरांनी काल सकाळी जुलाबाचं औषध पाठवलं. मी ते घेतलं. काल दिवसभर कुठेही गेलो नाही.) "तुमच्या वडिलांची परवानगी काढणं माझ्याकडे लागलं" हे गेलं मिसेस ब्ल्यूएट यांच्याकडे. त्या एकाहत्तरच्या आहेत आणि त्यांचे वडील गेली चाळीस वर्षं चर्चच्या आवारात निजले आहेत. "काढा बाबा, जमलं तर," त्या म्हणाल्या. मग वरचं टोक झालं, आम्ही परत खाली यायला लागलो, आणि पहिलीच जोडी समोर आली ती खोगीरवाल्याची. त्याच्याबरोबर डॉर्कस पिम. आणि माझ्याकडे उरलं होतं शेवटचं कलम: माझ्याशी लग्न कराल का?

"करीन की," त्या म्हणाल्या, "पण आधी डावा हात द्या. उजवा पुढे केलाय, मागे सगळे खोळंबलेत!"

मिस हेन्रिएटा यांना यातलं काही कळलं नाही. नाच संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की, गेले अकरा महिने काय ते राहूनच गेलं. मी म्हटलं, पाऊस. "हो ना," त्या म्हणाल्या, "आमच्या कुत्र्यालाही फार त्रास झाला."

आत्याबाई, हा निव्वळ अपघात होता. दोष सायडरचा आणि रांगेच्या क्रमाचा. पण भर रांगेत, खोगीरवाल्याच्या साक्षीने विचारलेलं मागे घेतलं तर वकील म्हणून माझी काय अब्रू राहील, हे आपल्यासारख्या न्यायी बाईंना मी काय सांगावं? आपण मला लहानाचं मोठं केलंत. आपण रागावलात तर मला घास गोड लागणार नाही, हे अगदी मनापासून लिहितो.

आपला आज्ञाधारक भाचा,
टोबायस हार्डिमन

ता. क. आपण पुढच्या आठवड्यात येणार होतात. कृपा करून येऊ नये. रस्त्यांत गुडघाभर चिखल आहे. नाताळच्या दिवशी यावं.

आणखी ता. क. चिखल तसा फारसा नाही. लग्नाआधीच्या रिवाजाप्रमाणे येत्या तीन रविवारी आमची नावं चर्चमध्ये पुकारली जातील आणि दरवेळी पाद्रीबाबा विचारतील, कुणाची हरकत आहे का? आपला आवाज शेवटच्या बाकावरूनही वेदीपर्यंत खणखणीत पोचतो.

शेवटचा ता. क. वरच्या टोकालाही एक पूर्ण फेरा उभं राहावं लागतं, हे आपल्या लक्षात आलंच असेल. तिथे मी आणि मिस हेन्रिएटा दोघेच उभे होतो. एक कलम उरलं होतं, ते सहज बोलून झालं असतं. पुढच्या घरात कोण येऊन उभं राहिलंय ते मला दिसत होतं. मी गप्प बसलो.