बाबांच्या ट्रॅक्टरला बारा व्होल्ट

लोधिवली,
सोमवार

चि. कपिल यास,

थोरल्या बहिणीचा सप्रेम जय भीम आणि पोटभर आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत. तुझे दाजी ठणठणीत, म्हैस दूध देते, माझी जीभ शाबूत आहे. तुझी कंबर कशी आहे? (नेरळच्या तुमच्या नव्या इमारतीत लिफ्ट आहे असं आमची भावजय दीक्षा मोठ्या कौतुकाने सांगत होती, मग कंबर कशाने धरली ते कळलं नाही.) खरं तर फोनच करणार होते. पण मी दोन वाक्यं बोलले की तुझी मीटिंग सुरू होते. कागदाला मीटिंग नसते, म्हणून सगळं लिहूनच कळवते.

तर बाबांचा ट्रॅक्टर. तू फर्मान सोडलंस की फार्महाऊसवाले एक शेठ तो विकत घ्यायला रविवारी येणार, तेव्हा काहीही कर, पण तो बटणावर सुरू झाला पाहिजे. शेठना तो चालवायचा नाही. फाटकाशी उभा करून बॉनेटवर झेंडूच्या कुंड्या ठेवायच्या आणि पाहुणे आले की बटण दाबून थोडा धूर काढून दाखवायचा. त्यांच्या फाटकाशी बैलगाडीचं चाक, लाकडी नांगर आणि कुणाचं तरी जातं आधीच मांडलेलं आहे म्हणे. (आपल्या कर्जत-खालापुरात हल्ली शेती बघायची असेल तर फार्महाऊसच्या फाटकाशी जावं लागतं.) बाबा गेल्यापासून त्यांचं भाताचं शेत मी याच ट्रॅक्टरवर करते, तो गेला तर मी चिखलात काय स्कूटी फिरवू, असं मी तुला विचारलं होतं. तू म्हणालास, भाड्याने आण. बरं. धाकट्या भावाचा शब्द मी कधी मोडलाय? लागले कामाला.

आता या ट्रॅक्टरची वीज सहा व्होल्टची. बॅटरी मरून इतकी वर्षं झाली की मी लोखंडी हँडल मारूनच त्याला उठवते. (तुझ्या दाजींना उठवण्यापेक्षा सोपं.) सहाची बॅटरी हल्ली मिळत नाही, तेव्हा बाराचीच टाकायचं ठरलं आणि चौकहून शोएबला बोलावलं. हायवेवरच्या त्याच्या गॅरेजात ट्रकपासून मिक्सरपर्यंत सगळं दुरुस्त होतं, नाहीतर कायमचं शांत तरी होतं. "मावशी, बाराची टाकली ना, मग बघा. बोट लावलं का म्हातारा टुणकन उठतोय का नाय!" असं म्हणत त्याने जुना डायनामो उतरवला, भंगारातल्या एका व्हॅनचा अल्टरनेटर चढवला, कॉईल बदलली. बॅटरीचं प्लस-मायनसही उलटं केलं. त्यामुळे चार्जिंगचा काटा आता उलटा चालतो. बॅटरी भरत असली की रिकामी होतेय असं दाखवतो. (दरवर्षी तांदळाचं पोतं घरपोच घेऊनही 'शेतातून आपल्याला मिळतं काय' म्हणणारा आपल्या घरात अजून एक आहे.) दिवे मात्र सहाचेच राहिले होते. लावल्याबरोबर असे झळकले की तुझ्या दाजींनी डोळ्यांवर हात घेतला. हात काढेपर्यंत दोन्ही फुटले होते.

रविवारी शेठ आले. पांढरे बूट, आणि सोबत जुन्या गाड्यांचे एक जाणकार. शेठ फोटो काढून घ्यायला ट्रॅक्टरच्या अगदी पुढ्यात उभे राहिले. मी म्हटलं, जरा बाजूला व्हा. ते म्हणाले, "काकू, तुम्ही फक्त बटण दाबा." पाहुण्याचा शब्द तरी कसा मोडायचा? दाबलं. ट्रॅक्टर गिअरमध्ये होता. स्टार्टर सहाचा आणि अंगात बळ बाराचं, त्यामुळे इंजिन सुरू व्हायच्या आधीच गाडीने पुढे उडी घेतली. शेठनीही घेतली, ती थेट उकिरड्यात. (एवढ्या पोटाच्या मानाने उडी चांगली होती.) मी घाबरून हॉर्न दाबला तर तो अडकला. तोही सहाचाच, बाराने असा किंचाळला की म्हैस दावं तोडून पळाली आणि हायवेकडच्या ढाब्यावरची माणसं हातातला घास तसाच घेऊन बघायला आली. शेवटी शोएबने वायर उपटली.

शेठ तरी भला माणूस. बूट पुसत म्हणाले की गावाकडचा अस्सल अनुभव मिळाला. पण तेवढ्यात त्या जाणकारांनी बॉनेट उघडलं आणि कारलं चावल्यासारखं तोंड केलं. "शेठ, यातलं ओरिजिनल सगळं काढून टाकलंय. हा आता नुसता जुना ट्रॅक्टर आहे." नुसता जुना ट्रॅक्टर शेठना नको होता. चहा न घेताच गेले. मला फार म्हणजे फारच वाईट वाटलं. त्यांच्या वाटणीची भजी मलाच संपवावी लागली.

असो. तुझं काम माझ्या हातून बिघडलं, मोठ्या मनाने माफ कर. दीक्षाला जय भीम सांग. कंबर शेकत जा.

तुझी,
चंद्राताई

ता. क. शोएबवर राग धरू नकोस. तो बिचारा सारखा सांगत होता, "मावशी, जुना माल काढला का शौकीन लोक हात नाय लावत. सहाची बॅटरी मी मुंबयवरनं मागवून देतो." मीच म्हटलं, बाराचीच टाक.

आणखी एक ता. क. डायनामो, कॉईल, सगळं जुनं सामान पुसून, तेल लावून नीट ठेवलं आहे. पुन्हा बसवता येतं. कुठे ठेवलंय ते तुझ्या दाजींनाही ठाऊक नाही. बाबांनी हँडल मारायला तुला माझ्याआधी शिकवलं होतं, म्हणून मागते: यंदा चिखलणीला ये. एक दिवस दिवसभर तो शेतात चालव, मी बांधावर बसते. संध्याकाळी खाली उतरून माझ्याकडे बघून 'विकू या' म्हणालास, तर सामानाची जागा मी त्याच पावली दाखवीन.